नेणारी व्यक्ती : वडील

ही गोष्ट खरी आहे. मी शपथा घेत बसणार नाही. पटलं तर वाचा, नाहीतर पुढे सरका. मला कोणाची मनधरणी करायची नाही.

घडली माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत. वार मंगळवार. वेळ दुपारी दोन चाळीस. जागा, शाळेच्या पहिल्या मजल्यावरची कॉम्प्युटरची खोली. बाहेर डोळे दिपतील असं ऊन होतं आणि खाली मैदानात पोरं बोंबलत होती. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांचं मला हसू येतं.

ताई त्या शाळेत मुलांच्या नोंदी सांभाळायची. शाळेच्या दोन इमारती चालू होत्या, मागची तिसरी बंद. सगळीकडे माहिती एकच, पण प्रत्येक इमारतीच्या कॉम्प्युटरवर तिची वेगळी प्रत. प्रत एक ताईकडे. प्रत दोन फाटकाजवळ. इमारतींना जोडणारी लाइन गेली तरी दोन्हीकडे काम चालू राहायचं आणि लाइन आली की प्रती आपसांत जुळवून घ्यायच्या. आता एकाच मुलाबद्दल दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या निघाल्या तर?

जिची वेळ नंतरची, ती राहणार. आधीची पुसली जाणार. विचारणं नाही, सांगणं नाही.

हा नियम ताईच्या नवऱ्यानं बसवला होता. तिच्या आधी तोच हे काम करायचा. त्याला भाऊजी म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही, आजही वळणार नाही. घरातसुद्धा त्याचं हेच. ताईनं दिवा बंद केला तर हा उठून तो परत लावायचा, आणि मग स्वतःच्या हातानं बंद करायचा. भांडण मिटलं तरी अर्ध्या तासानं खोलीत येऊन एक वाक्य टाकून जायचा. एकदोनदा हातही उचलला. मग मात्र ताई चिंगीला, म्हणजे माझ्या सात वर्षांच्या भाचीला, घेऊन निघून आली. कोर्टानंही पोर तिच्याकडेच दिली.

कोर्टाच्या पायऱ्यांवर तो तिला म्हणाला होता, "चिंगीला कोण नेणार, ते शेवटी मीच ठरवणार."

पाच महिन्यांनी मेला. मागच्या इमारतीत, कॉम्प्युटरसमोर, खुर्चीत बसल्या बसल्या. शाळेनं ती इमारत बंद केली. तिथलं प्रत तीनचं मशीन भंगारात काढलं. आणि काम येत होतं म्हणून ताईला त्याच्या जागी घेतलं.

त्या मंगळवारी ताईला चिंगीच्या नोंदीत फोन नंबर बदलायचा होता, बास. नजर खालच्या ओळीवर गेली. ती ओळ प्रत्येक मुलाच्या नोंदीत असते. फाटकावरचा वॉचमन ती बघूनच मूल हवाली करतो.

नेणारी व्यक्ती...

वडील.

ताईनं ते परत वाचलं. मग राग आला. कोणाचा तरी चावटपणा असणार! तिनं 'वडील' काढून 'आई' केलं.

दोन मिनिटं गेली...

वडील.

नोंद कुठून आली, तेही बाजूला दिसतं. प्रत तीन. वेळ, आज, चार वाजून पाच मिनिटं.

भिंतीवर पावणेतीन वाजले होते.

ताई घाबरट नाही. तिला वाटलं, घड्याळ पुढे गेलेलं एखादं मशीन कोणीतरी लाइनला जोडलंय. अशा मशीनची नोंद खोटी असली तरी टिकते, कारण तिची वेळ नंतरची. या कामातल्या सगळ्यांना हे माहीत असतं. तिनं शिपाईकाकांना फोन लावला.

"काका, मागच्या इमारतीत जाऊन बघा हो जरा. कोणी मशीन लावलंय का?"

काका गेले. फोन चालूच होता.

"कुलूप आहे, मॅडम. खिडकीतून दिसतंय. टेबल रिकामं. वायरसुद्धा नाही."

"बरं."

"पण मॅडम..."

"काय?"

"आतून बटणं दाबल्याचा आवाज येतोय. टक... टक... टक..."

काकांचा फोन तसाच चालू ठेवून ताईनं टेबलावरच्या दुसऱ्या फोनवरून फाटकावर फोन केला. वॉचमन वैतागलेलाच होता. "मागच्या महिन्यात तोंडी सांगण्यावरून मूल दिलं, तर माझी नोकरी जाता जाता वाचली. आता ब्रह्मदेव आला तरी स्क्रीनवर असेल तेच करणार. नोंद दुरुस्त करा ना, ते काम तर तुमचंच!"

शहाणं माणूस तेव्हाच खाली जाऊन फाटकाशी उभं राहिलं असतं. मी तर पोरीला वर्गातूनच उचललं असतं. पण ताईच्या डोक्यात तिडीक गेली. मेल्यावरही याचंच खरं होणार? आणि तेही माझ्याच मशीनवर?

तिनं चिंगीची नोंदच काढून टाकली. पण काढलं, हीसुद्धा एक नोंदच की! तिलाही वेळ लागते. नोंद परत उगवली.

मग तिनं आपल्या कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे केलं. साडेचार. नेणारी व्यक्ती, आई.

टिकलं...

वेळ, पाच वाजता. वडील. प्रत तीन.

तिनं उद्याची तारीख टाकली. त्यानं परवाची. तिनं पुढचं वर्ष. त्यानं त्याच्या पुढचं. काका अजून फोनवर होते. "मॅडम, तुम्ही थांबलात की आतलं सुरू होतंय." ताई ऐकायला तयार नव्हती. दहा वर्षं पुढे. वीस वर्षं. तिथे शेरा लिहायला एक रकाना असतो, तो आजवर कोणी भरलेला तिनं पाहिला नव्हता. त्यात अक्षरं उमटली...

वाद घालू नकोस.

हे त्याचं रोजचं वाक्य. पण ताईचे हात थांबले नाहीत. तिनं सरळ शेवटची तारीख टाकली. एकतीस डिसेंबर दोन हजार नव्याण्णव, रात्रीचे अकरा एकोणसाठ, वर एकोणसाठ सेकंद. त्या प्रोग्रॅमला याच्यापुढची तारीख कळतच नव्हती.

नेणारी व्यक्ती, आई.

दोन मिनिटं. चार मिनिटं. पंधरा मिनिटं...

"आवाज बंद झाला, मॅडम," काका म्हणाले.

ताई मोठ्यानं हसली. त्याला एक सणसणीत शिवीही हासडली. मग नुसती बसून राहिली. किती वेळ, ते तिलाही सांगता येत नाही.

आणि मग तिला आठवलं. दोन नोंदींची वेळ सेकंदासकट सारखी निघाली तर काय करायचं, तेही त्यानंच ठरवून ठेवलं होतं. ज्या प्रतीचा नंबर मोठा, तिचं खरं.

ताईची प्रत एक.

त्याची तीन.

"मॅडम..." फोनमधून काका म्हणाले, "परत झाला. एकदाच झाला. टक."

वडील. एकतीस डिसेंबर दोन हजार नव्याण्णव. अकरा एकोणसाठ एकोणसाठ. प्रत तीन.

आता याच्यापुढची वेळच उरली नव्हती. ताई काहीही लिहू दे, ते जुनंच ठरणार. त्याला इथवर आणलं होतं तिनंच, एकेक पायरी चढवत!

खाली घंटा झाली. चार.

ताई जिना कसा उतरली, तिचं तिला माहीत नाही. फाटकावर गर्दी होती. वॉचमननं तिला बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"चिंगी कुठाय?"

"आत्ताच... दिली की."

"कोणाला?"

वॉचमननं स्क्रीनकडे बोट केलं. "स्क्रीनवर वडील होतं. मी दिली. सहीपण घेतली." त्यानं वही पुढे केली. सही ताईच्या नवऱ्याचीच होती. शाई ओली. समोर वेळ लिहिली होती, चार वाजून पाच.

फाटकावरच्या घड्याळात चार वाजून दोन मिनिटं झाली होती.

तीन मिनिटं होती हातात. ताई रस्त्यावर धावत सुटली. माणसं, सायकली, दुकानांच्या पाट्या. कोपरा वळली आणि चिंगी दिसली. पाठीला दप्तर. फुटपाथच्या कडेकडेनं चालली होती, एकटीच.

एकटीच... पण उजवा हात वर उचललेला. मोठ्या माणसाचं बोट धरल्यावर लहान मूल कसं चालतं, तसा.

ताईनं झडप घालून तिला कवेत घेतलं. चिंगी आली, हात येईना. हवेतच ताठ. बोटं घट्ट मिटलेली, नखं निळी पडलेली. ताई ओढतेय, आणि पलीकडूनही कोणीतरी ओढतंय. "सोड!" ताई भर रस्त्यात किंचाळली. "सोड माझ्या पोरीला!" लोक थांबून बघायला लागले.

आणि एकदम हात खाली पडला.

चिंगी रडली नाही की काही नाही. आईचे डोळे फ्रॉकनं पुसत म्हणाली, "आई, बाबा म्हणाले, आज राहू दे. आता काही घाई नाही."

ताई दुसऱ्या दिवशी शाळेत गेली ती राजीनामा द्यायलाच. मागची इमारत उघडायला लावली. खोलीत धुळीचा हा एवढा थर, टेबल रिकामं. फक्त टेबलावर, की-बोर्ड ठेवतात तेवढी जागा लख्ख पुसलेली होती. काकांनी महिन्याभरात नोकरी सोडली. वॉचमन हल्ली म्हणतो, असं काही झालंच नाही. म्हणू दे.

त्या दोघी आता दुसऱ्या गावी असतात. चिंगी शाळेत जाते, हसते, खेळते, आईशी भांडते. त्यानंतर एकदाही काही झालेलं नाही. सगळे ताईला म्हणतात, संपलं आता, विसरून जा.

मीही तेच म्हणाले होते. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "अगं, हिशोब कर ना. नोंदीतल्या त्या शेवटच्या तारखेला चिंगी ऐंशीच्या पुढे असेल. मी नसेन. तूही नसशील."

मी बोटांवर वर्षं मोजली.

"म्हातारी होईल गं माझी पोर. एकटी असेल, दुखत असेल काहीतरी," ताई म्हणाली. "आणि तेव्हा तिला न्यायला तो येणार."