ए, आर, आर, वाय

चिंचवडच्या वाचनालयात इंग्रजीचा कोश एकच होता, आणि त्या रविवारी तो कुणीतरी आधीच घेऊन बसलं होतं. सुमन टेबलाशी घुटमळली. कोशावर वाकलेला तरुण साप्ताहिकातलं शब्दकोडं सोडवत होता.

"जरा... एक शब्द बघायचा होता."

"कोणता?"

"तेच तर माहीत नाही."

त्यानं मान वर केली. हसला, पण थट्टेनं नव्हे.

"पाच अक्षरांचा आहे," सुमन घाईघाईनं म्हणाली. "त्यात डब्ल्यू, टी आणि आर आहेत. बाकीची दोन ठाऊक नाहीत."

त्यानं बोटांवर अक्षरं जुळवली. "वॉटर असेल. पाणी."

सुमनच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती आभारही न मानता निघून गेली.

तिचा नवरा सयाजी शाळेत इंग्रजीचा मास्तर. मागच्या वर्षी, सन पंचावन्नच्या श्रावणात, पवनेच्या पुरात तो वाहून गेला. त्याआधी तीन वर्षं तो रोज संध्याकाळी सुमनला एक इंग्रजी शब्द शिकवायचा. पाचच अक्षरांचा. दोन-तीन अक्षरं तो सांगायचा, उरलेली तिनं ओळखायची. त्यासाठी त्यानं पुठ्ठ्याची अक्षरं कापली होती. आता तीच अक्षरं पाटावर गोल मांडून त्याची आई, सोजराबाई, दर शनिवारी दुपारी त्याला बोलवायला मधे वाटी उपडी घालायची. वाटीवर बोट एकट्या सोजराबाईचं. तिला मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं. तरी वाटी आधी पाच ठोके द्यायची... आणि मग सरकायची.

पुढच्या रविवारी तो तरुण कोश मिटून वाट बघत होता. ज्योतीराम त्याचं नाव. कोरेगावकडचा, पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात कारकून.

"आज कोणती अक्षरं?"

"एल, ओ, एन. आजही पाचच."

"लेमन! लिंबू."

"गेलेला माणूस आईकडे लिंबू कशाला मागेल?"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आलेलं हसू... आणि मग तिनं सगळं सांगून टाकलं. ज्योतीराम हसला नाही. बोटांवर पुन्हा अक्षरं जुळवून तो हळूच म्हणाला, "अलोन. एकटा. किंवा... एकटी."

त्यानंतर रविवार उजाडला की सुमनची वेणी दोनदा घातली जाई. तो कोश तिच्याकडे सरकवी, तेव्हा दोघांची बोटं कडेशी जरा जास्तच रेंगाळत.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" तिनं एकदा विचारलं.

"वाटते ना. एखाद्या रविवारी तुम्ही आला नाहीत तर, याची."

शेवटी सोजराबाईच म्हणाली, "त्यो शब्द सांगणारा हाय ना, त्यालाच घिऊन ये. माझ्या म्होरं सांगू दे."

शनिवारी ज्योतीराम आला. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी माजघरात ओल्या गाळाचा वास येत होता. सोजराबाईनं बोट टेकवलं. वाटी पाचदा ठोकली गेली. मग ती सरकली... ए. आर. गोल फिरून पुन्हा आर. मग वाय. पाचव्या अक्षरासाठी ती थरथरली, आणि थांबली.

"काय म्हनतोय माझा सया?"

ज्योतीरामच्या कपाळावर घाम होता. "टॅरी," तो म्हणाला. "म्हणजे... थांब."

सोजराबाईनं डोळ्याला पदर लावला. "थांबलीया की रं, बाबा."

ज्योतीराम तडक उठून ओट्यावर गेला. सुमन पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेली.

"सुरुवातीला एम लावला तर मॅरीसुद्धा होतो त्याचा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तो शब्द मलाही येतो. का नाही सांगितलात?"

"कसा सांगणार? मला जे हवंय, तेच मेलेल्या माणसाच्या तोंडी घालू?"

"काय हवंय तुम्हाला?"

तो तांब्याकडे बघत राहिला. मग सरळ तिच्याकडे. "तुम्ही. पण फसवून नको."

"व्हय रं पोरा?" दारात सोजराबाई उभी होती. "मंग दुसरा अर्थ काय?"

सुमननंच सांगितलं, "‘लग्न कर’ असा, आत्याबाई."

म्हातारी आत वळली, पाटाशी बसली, वाटीवर बोट ठेवलं. "सया, नीट सांग. थांब का लगीन?"

वाटी हलली नाही. तिनं पुन्हा विचारलं, मग विनवलं. ऊन उंबऱ्यावरून सरकून अंगणात गेलं, तरी वाटी जागची ढळली नाही. गाळाचा वासही कुठेतरी विरून गेला होता. सोजराबाईनं वाटी उचलली. खाली पाट ओलाचिंब होता.

"गेला," ती म्हणाली. "आता न्हाई यायचा." तिनं डोळे पुसले. "सुमे, आता तूच सांग. तुला काय पायजे?"

"मी गेले तर तुम्ही एकट्या..."

"माझं नगं सांगूस. तुझं सांग."

सुमननं दाराकडे बघितलं. ज्योतीराम अजून ओट्यावरच उभा होता, जायला धजावत नव्हता. "मला हे हवेत," ती म्हणाली. शब्द पुरा बाहेर पडला.

भाऊबंद बोलतील, गाव बोलेल, हे तिघांनाही ठाऊक होतं. सोजराबाई भिंतीला हात लावून उठली आणि ज्योतीरामसमोर जाऊन त्याला निरखत राहिली.

"घरी आई हाय का रं तुझी?"

"नाही. मी लहान असतानाच गेली."

"मंग हितंच ऱ्हायला ये," म्हातारी म्हणाली. "मलाबी पोरगा न्हाई."