एकट्याचे दोन पलंग

ही गोष्ट कुणालाही खरी वाटायची नाही. लावा पैज. शेजारच्या सूनबाईंना तर नाहीच नाही, कारण त्यांना धान्यातला खडा दाराबाहेरून दिसतो. पण नवं घर बघायला आलाच आहात, तर बसा... त्या ओसरीवरच्या पलंगावर ऐसपैस बसा. पाव भट्टीतून निघायला अवकाश आहे, आणि तोवर आल्या माणसाला नुसतं बसवून ठेवणं बरं दिसत नाही.

तर एका बाईची आणि तिच्या नवऱ्याची पहिली भेट झाली लग्नानंतर तीस वर्षांनी. वाळूच्या ढिगावर.

हसा, हसून घ्या.

नवरा बेकरीत भट्टीवर होता. सगळं शहर झोपलं की त्याची कणीक जागी व्हायची. रात्रभर मळायचं, भाजायचं आणि उजाडताना घर गाठायचं. बायको चष्म्याच्या दुकानात. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, काचा बदलून बदलून विचारायची, "आता? आणि आता?" तो घरी यायचा तेव्हा ती न्हाणीघरात. ती बाहेर पडायची तेव्हा तो झोपलेला. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा तो कामावर. सुट्टीचं म्हणाल, तर बेकरीला सुट्टी नसते. माणसं रविवारीही खातात.

दोघांची शहरात एकच खोली आणि खोलीत एकच पलंग. एकट्याचा, अरुंद. दोघांना एका वेळी तो कधी लागलाच नाही. रात्री तिचा, दिवसा त्याचा. एवढ्या वर्षांत तो पलंग एकदाही गार पडला नाही. खाली कणकेचं पातेलं ठेवलं की कणीक आपोआप फुगायची. शेजारणीची मांजर दरवर्षी स्वतःचं घर सोडून त्याच पलंगाखाली व्यायला यायची.

एक मुलगी झाली त्यांना, ती सासरी सुखात आहे. कशी झाली म्हणाल, तर त्या वर्षी बेकरीची भट्टी दुरुस्तीला काढली होती आणि नेमकी वीजही फार जायची... एवढं सांगून पुढे जाऊ.

दोघांचं बोलणं व्हायचं ते पावातून. रोज सकाळी टेबलावर एक वाटी उपडी, आणि वाटीखाली गरम पाव. स्वारी खुशीत असली तर पावावर दोन मनुका, डोळ्यांसारख्या. रुसली असली तर मनुका गायब. अंगात कणकण असली तर पाव एका बाजूने करपलेला. ती उत्तर द्यायची थर्मासमधल्या चहातून. राग असला की साखर कमी. असा संसार चालला आणि भांडण एकही नाही. भांडायला समोरासमोर यावं लागतं!

सकाळी निघताना मात्र तिचा एक नेम होता. चपला घालून ती दारापर्यंत जायची... आणि परत यायची. पलंगापाशी उभी राहायची. तो गाढ झोपेत, भुवयांवर पीठ. ती एका बोटाने ते पीठ झटकायची, अगदी अलगद, जाग येऊ नये अशी. मग जायची. अख्ख्या शहराचे डोळे तिच्या ओळखीचे होते. कुणाचे घारे, कुणाचे तिरळे, कुणाचा नंबर किती, सगळं तोंडपाठ. या एका माणसाचे डोळे कसे आहेत तेवढं तिला ठाऊक नव्हतं. दुकानात काचा पुसता पुसता मनात तेच यायचं... काळे असतील? का घारे?

पुढे दोघांचं निवृत्तीचं वय झालं. शहराबाहेर, शेतांच्या कडेला, एक जमिनीचा तुकडा घेतला. घराचं जोतं वर आलं. दोघांनी मिळून बघायला जायचं ठरलं होतं एका दिवशी, पण तिला कुठला धीर! ती आदल्याच दिवशी बसमध्ये बसली.

बघते तर वाळूच्या ढिगावर एक पुरुष. कमरेवर हात, नजर जोत्यावर, जसा काही किल्लाच जिंकलाय.

"ओ दादा! उतरा खाली. वाळू पसरतेय."

"तुमची आहे का वाळू?"

"नाहीतर काय वाऱ्याने आणून टाकली? गवंडी ना तुम्ही? मग विटांवर पाणी कोण मारणार?"

"गवंडी जेवायला गेलाय. मी मालक."

"मालक? मालकीण तर मी आहे!"

तो उन्हामुळे डोळ्यांवर हात आडवा धरून तिच्याकडे बघत होता. आता तुम्हीच सांगा, तिने ओळखायचं कसं? नवरा तिने कायम आडवा पाहिलेला. उभा माणूस वेगळाच दिसतो... आणि हा तर चांगला उंच निघाला. तिने मान हळूहळू खांद्यापर्यंत कलती केली आणि त्याला आडवा करून पाहिलं. डावा कान ओळखीचा वाटला.

"मान अवघडली का, बाई?"

"कान बघतेय."

"कान?"

"तुमचा चेहरा मला उभ्याने पाठ नाही."

तो हसला. मग त्याने चक्क डोळे मिटून घेतले. "थांबा... मलाही खात्री करू दे. जरा चालून दाखवता? त्या दाराच्या चौकटीपर्यंत. आणि परत."

काय हे वेड, म्हणत ती चालली. चौकटीपाशी वळली, परत आली. डावी चप्पल नेहमीसारखी चटचट वाजली.

"तूच," डोळे न उघडताच तो म्हणाला. "अगं, तो डावा पट्टा अजून शिवून नाही घेतलास?"

आणि मग त्याने डोळे उघडले.

काळे नव्हते. घारेही नव्हते. दूध जरा हात राखून घातलेल्या चहासारखे होते, आणि कडेला बारीक सुरकुत्या, हसू साठवायला केल्यासारख्या. तिच्या हातातली पिशवी कधी खाली पडली ते तिला कळलं नाही.

"काय बघतेस एवढं?"

"तुम्हाला डाव्या डोळ्याने थोडं कमी दिसतंय."

"मग उजवीकडे उभी राहा. नाहीतर... जवळ ये."

"इश्श! गवंडी येईल."

"तो घास फार सावकाश चावतो."

असं सुरू झालं. घर वर चढत होतं आणि ही दोघं विटांच्या थप्पीवर बसून एकमेकांना प्रश्न विचारत होती, नुकतं जमलेलं असावं तशी. "पाऊस आला की खिडकी लावता का उघडी ठेवता?" "तू हसताना तोंडावर हात का ठेवतेस?" "गाणं येतं?" "येत नाही, पण म्हणतो." एकदा गवंडीच ओरडला, "काका, काकू, विचारपूस झाली असेल तर खिडकी कुठे ते सांगा, भिंत पुढे चाललीय!" तेव्हा दोघांनी एकदम हात केले, तिने एकीकडे, त्याने दुसरीकडे. म्हणून त्या खोलीला दोन खिडक्या आहेत. बघून या हवं तर.

पण तिच्या मनात एक पाल चुकचुकत होती. इतकी वर्षं आपण पावाशी संसार केला. पाव घोरत नाही, कपाटाची दारं उघडी टाकत नाही. आणि मुख्य म्हणजे पाव कंटाळत नाही. हा माणूस कंटाळला तर? दुकानात दिवसभर बोलून बोलून तिच्या जिभेला उसंत अशी ठाऊक नव्हती, आणि त्याला तर आयुष्यभर सोबत फक्त भट्टीची. म्हणून तिने शहरातल्या खोलीची किल्ली दिलीच नव्हती. खोलीच्या मालकाला सांगितलं, घर पुरं होईपर्यंत खोली राहू द्या. किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात. त्याला पत्ता नाही.

मग सामान यायचा दिवस उजाडला. झिमझिम पाऊस होता. गवंडी दारापुढची शेवटची पायरी ओतत होता. नवरा मागच्या अंगणात स्वतःसाठी भट्टी बांधत होता, कोपरापर्यंत मातीने माखलेला. सुताराचा टेम्पो आला. टेबल उतरलं, कपाट उतरलं, पलंग उतरला. आणि मग... आणखी एक पलंग उतरला.

दोन. दोन्ही एकट्याचे, अरुंद.

"दोन कसे?" तिने विचारलं.

"दोनच सांगितलेत की, काकू," सुतार कानावरची पेन्सिल चाचपत म्हणाला, आणि आत निघून गेला. सुतार लोकांना जास्त बोलायची सवय नसते, आणि जिथे बोलायला हवं तिथे तर मुळीच नाही.

तिने तर एकच सांगितला होता. म्हणजे दुसरा त्याने सांगितला. वेगळा. घर पुरं व्हायच्या आतच माणूस कंटाळला! तिने पर्स घेतली, पायरीला वळसा घातला आणि रस्त्यावरचा बसथांबा गाठला. पावसाचे थेंब चष्म्यावर पडत होते. निदान थेंबच आहेत असं ती स्वतःला सांगत होती.

बस लांबून दिसायला लागली तेव्हा मागून धापा टाकल्याचा आवाज आला. तो पळत येत होता. एका पायात चप्पल नाही, हातात ताटली, ताटलीत उपडी वाटी, आणि वाटी घसरू नये म्हणून दुसरा हात वाटीवर.

"कुठे निघालीस?"

"खोलीवर. किल्ली दिली नाहीये अजून."

"वाटलंच मला," तो बाकावर बसला. "दोन पलंग बघितले तेव्हाच वाटलं. तुला वेगळा हवा होता तर मला सांगायचंस. सुताराला कशाला..."

"मी? तुम्हीच सांगितलात ना वेगळा!"

"मी एक सांगितला. एकच!"

"मीही एकच सांगितला!"

बस थांब्याशी येऊन उभी राहिली. कुणी चढेना.

"केवढा सांगितलात?" तिने हळूच विचारलं.

त्याने ताटली मांडीवर ठेवली आणि दोन हात पसरले... एवढा. तिने आपले हात त्याच्या हातांसमोर धरले. तेवढाच. बोटाचंही अंतर नाही. तोच जुना अरुंद पलंग. जगात दुसऱ्या मापाचा पलंग असतो हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं!

हात तसेच पसरलेले, मधे ताटली, आणि दोघंही हसत सुटलेली. आधी ती थांबली.

"पण तुम्ही कंटाळलात तर? मी फार बोलते."

"वाटी उचल."

तिने वाटी उचलली. खाली पाव, सकाळीच जुन्या बेकरीतून भाजून आणलेला. आणि त्यावर दोन मनुका नव्हत्या. सगळा पाव मनुकांनी भरला होता, वरून, खालून, कडेने, बोट ठेवायला जागा नाही.

"अगंबाई... इतके डोळे?"

"तुला बघायला दोन पुरत नाहीत," तो म्हणाला, आणि लाजून बसच्या चाकाकडे बघायला लागला. "कंटाळायचं तर आधी बघून तरी पोट भरायला हवं."

"येताय का, काकू?" बसमधून आवाज आला.

"नाही हो," ती म्हणाली. "मी पाव खातेय."

परत आली तेव्हा पायरी अजून ओली होती. तिने पर्सचा आतला कप्पा उघडला आणि किल्ली सरळ त्या काँक्रीटमध्ये सोडून दिली. गवंड्याने शंख केला, "काकू, आत्ता गुळगुळीत केली होती!" पण बुडालेली किल्ली काही वर आली नाही. जाताना बघा, पायरीच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी चमकतं. उकिडवं बसावं लागतं तेवढं.

सुतार म्हणाला, "दोन्ही परत नेतो, एक रुंद करून देतो." तर दोघं नकोच म्हणाली. एक पलंग आत ठेवला. दुसरा इथे ओसरीवर, तुम्ही बसलाय तो.

"अहो काका, तेवढ्यात दोघांना पुरायचं कसं?"

"आम्हा दोघांनाही मधोमध झोपायची सवय आहे," तो म्हणाला. सुताराची कानावरची पेन्सिल गळून पडली, ती अजून सापडलेली नाही.

तर असा तो संसार. आणि आता काम नाही, दुकान नाही, तरी सवय जात नाही. रोज सकाळी ती चपला घालते, दारापर्यंत जाते, परत येते, त्याच्या भुवईवरचं पीठ झटकते. आणि तो आपला बिचारा, पहिल्यापासून झोपेचा पक्का... इतक्या वर्षांत त्याला एकदा म्हणून कधी चाहूल...

"खोटं!"

शेजारच्या सूनबाई पलंगावरून उठल्याच. "साफ खोटं! तो झोपलेला असायचा, तर वाळूवर डोळे मिटून त्याने पावलं कशी ओळखली? दारापर्यंत जायचं, परत यायचं, डावी चप्पल वाजते, हे त्याला सांगितलं कुणी?"

गोष्ट सांगणाऱ्या चष्मेवालीने नाकावरचा चष्मा नीट केला. इतक्यांदा सांगितलेली गोष्ट, आणि हा खडा तिलाच कधी लागला नव्हता. तिने हळूच मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात भट्टीवाला गरम पावांचं ताट घेऊन उभा होता. भुवया पांढऱ्याफेक, आणि खाली ते कमी दुधाच्या चहासारखे डोळे, टक्क उघडे.

"अहो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला. "रोज?"

त्याने ताट खाली ठेवलं, चौकटीला पाठ टेकली आणि उभ्याउभ्या डोळे मिटून घेतले.

"हळू बोल, माणूस झोपलाय," तो म्हणाला. "भुवईवर पीठ आहे, तेवढं झटक."