चंदेरी वटवाघूळ

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. माझ्या बहिणीला गावात आधीच वेडी म्हणतात. हे कुणी वाचलं तर मलाही म्हणतील. म्हणू देत.

मी तिथे होते. या कानांनी ऐकलंय.

गाव बेकर्स रन. अमेरिकेत, ओहायो राज्याच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी. काचेचा कारखाना बंद पडल्यावर ज्याला जमलं तो इथून गेला, आणि ज्याला जमलं नाही तो आमच्यासारखा राहिला. माझी धाकटी बहीण मार्ला गावाच्या टोकाला क्रीक रोडवर राहते. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरल्या की थोडं गवत आणि लगेच रस्ता. रस्त्याला दिवे नाहीत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबरची एकतीस तारीख, हॅलोविनची. संध्याकाळच होती, अंधार नुकताच पडत होता.

पण आधी कोल्बीचं सांगायला हवं.

कोल्बी हा मार्लाचा एकुलता एक मुलगा. सहा वर्षांचा. बाप केव्हाच निघून गेलेला. मार्ला एका स्वस्त मालाच्या दुकानात काउंटरवर उभी असायची, आणि हॅलोविनला पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात, त्याचे त्याच दुकानातले तयार कपडे तिला परवडायचे नाहीत. म्हणून सगळं घरी बनवायची. दुधाच्या रिकाम्या प्लास्टिक कॅनवर मार्करने दात विचकणारे चेहरे काढायचे, आत दिव्यांची माळ सोडायची, की झाले कंदील. माझ्या नवऱ्याच्या, डेलच्या, जुन्या शर्ट-पँटमध्ये वाळकी पानं कोंबून पायरीवर माणूस बसवायचा. ट्रक भरून सामान विकत आणणाऱ्यांपेक्षा तिचा व्हरांडा झकास दिसायचा, आणि हे लोकांना सहन व्हायचं नाही.

मी सांगतेय त्या संध्याकाळच्या पाच वर्षं आधी, हॅलोविनला कोल्बीला वटवाघूळ व्हायचं होतं. दुसरं काहीही नको. मार्लाने कचऱ्याच्या काळ्या पिशव्या कापल्या, तारेचे हँगर वाकवून पंखांना काड्या केल्या. तो चालला की आवाज व्हायचा.

चुर्र... चुर्र...

"मावशी, मी उडू?" त्याने मला विचारलं होतं.

"उड की. पण कपाटावरून नको, तुझी आई मला मारेल."

हॅलोविनच्या संध्याकाळी तो खाऊ गोळा करत हिंडत होता. मार्ला चार पावलं मागे होती. रस्त्यापलीकडच्या घराचा दिवा त्याला दिसला आणि तो पळाला.

ड्वाइट हॅस्केलचा ट्रक आला.

"काळ्यावर काळं," हॅस्केल चौकशीत म्हणाला. "मला काही दिसलंच नाही."

खरं असेलही. पण गावाने महिनाभर त्याच्या घरी गरम जेवण नेऊन दिलं, बिचाऱ्याच्या मनावर केवढा आघात झाला म्हणून. आणि मार्लाला काय दिलं? चर्चच्या दारात लोइस नावाची एक बाई मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "कचऱ्याच्या पिशवीत घालतं का कुणी पोराला? दुकानात स्वस्तातले मिळतात की!"

मी तिला म्हटलं, "मग आणून द्यायचे होतेस, लोइस. ऐपत आहे ना तुझी?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मला त्याचं दुःख नाही.

आमच्याकडे पोरांनी खाऊ मागत कधी फिरायचं, हे गावची कमिटी ठरवते. बाहेरचा दिवा लावलेला असेल तर दार वाजवायचं, विझलेला असेल तर पुढे जायचं. कोल्बी गेल्यावर कमिटीने दिवसच बदलला. आता ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, भर दुपारी. लख्ख उन्हात लोक दाराबाहेर दिवे लावून बसतात. क्रीक रोडवर एक खांब उभारून दिवा लावावा, हे मात्र कुणाला सुचलं नाही.

त्यामुळे खऱ्या एकतीस तारखेला गाव चिडीचूप असतं. बाहेरचे दिवे बंद.

फक्त मार्लाचा दिवा चालू असायचा. मला वाटायचं, विसरते बिचारी.

दोन वर्षांपूर्वी, त्या एकतीस तारखेच्या दुपारी मी तिच्याकडे भोपळ्याचा केक घेऊन गेले. स्वयंपाकघराच्या दारामागे कपडे टांगलेले दिसले. पांढऱ्या चादरीचं भूत. खोक्याला पांढरा रंग देऊन केलेला अंतराळवीर. कापूस चिकटवलेला बर्फाचा माणूस.

सगळे लहान मुलाच्या मापाचे... सगळे एकाच मापाचे.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"कोल्बीचं."

मी हातातला केक टेबलावर ठेवला. मला वाटलं, झालं, हिचं डोकं फिरलं. ती मात्र शांतपणे कॉफी ओतत होती.

"तो गेल्यावर पहिल्याच वर्षी एकतीस तारखेला माझा दिवा चुकून चालू राहिला," ती म्हणाली. "आणि पायऱ्यांवर आवाज आला. पिशव्यांचा. मी दार उघडलं, तर कुणी नाही. आवाज पायऱ्या उतरला, रस्त्याकडे गेला. आणि तिथे एकदम थांबला."

"वारा असेल, मार्ला."

"दर वर्षी? दर वर्षी त्याच जागी थांबतो, टोन्या. दर वर्षी मी त्याला मरताना ऐकते."

"मग दिवा बंद ठेव ना, बाई!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला बोलल्याची लाज वाटली.

"आईच्याच घराचा दिवा बंद दिसला तर तो कुठे जाईल?"

म्हणून ती कपडे शिवत होती. पांढरे, अंधारात उठून दिसणारे. ते व्हरांड्यातल्या खुंटीला लावून ठेवायची, म्हणजे तो काळ्या पिशव्या टाकून हे घालेल, आणि गाडीवाल्याला दिसेल.

"हात लावतो," ती म्हणाली. "आतून मला कपडा हलताना दिसतो. पण घेत नाही."

मी त्या भुताकडे पाहिलं, बर्फाच्या माणसाकडे पाहिलं. खरं सांगते, तिच्यावर विश्वास बसला म्हणून नव्हे, तिची दया आली म्हणून मी बोलले.

"घेईल कसा? त्याला वटवाघूळच हवं होतं ना? किती डोकं खाल्लं होतं त्याने तुझं!"

मार्लाने कप खाली ठेवला. मग उठली आणि कोठीतून एक मोडकी छत्री घेऊन आली.

दुपारभर आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो. छत्री मधोमध कापली, तर अगदी वटवाघळाचे दोन पंख. कापड, काड्या, सगळं तयार. त्यावर स्वयंपाकाचा फॉइल कागद चिकटवला. कान कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचे. डेल रस्त्याच्या कामावर आहे. गाडीचा उजेड पडला की चमकणारं त्याचं जुनं जॅकेट माझ्या गाडीत होतं, त्याच्या पट्ट्या उसवून आम्ही पंखांच्या कडांना लावल्या.

"डेल विचारेल, जॅकेट कुठे गेलं," मी म्हटलं.

"सांग, बायकोने खाल्लं."

आणि ती हसली. किती वर्षांनी हसली! मलाही बरं वाटलं. त्या वेळी मला तो सगळा खेळच वाटत होता.

ऊन उतरलं. मार्लाने ते चंदेरी वटवाघूळ खुंटीला लावलं आणि बाहेरचा दिवा लावला. आम्ही आत, दारापाशी खुर्च्या टाकून बसलो. दाराच्या काचेतून खुंटी दिसत होती.

शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकत होता. तो काही उगाच गप्प बसणाऱ्यातला नाही.

भुंकता भुंकता तो गप्प झाला...

मग वाराही पडला. व्हरांड्यात वाळक्या पानांची सळसळ चालली होती, तीही थांबली. मी मार्लाकडे पाहिलं. तिने माझा हात धरला.

आणि मग...

चुर्र.

पहिली पायरी.

चुर्र... चुर्र...

काचेबाहेर दिवा जळत होता, पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या. तिथे कुणीही नव्हतं. आवाज मात्र चढत होता. एक पायरी, मग जरा थांबून दुसरी. लहान मुलं चढतात तसा.

खुंटीपाशी तो थांबला.

चंदेरी पंख हलला. जरासा, कुणी बोट लावून पाहावं इतका.

"घे, राजा," मार्ला पुटपुटली. "तुझंच आहे. वटवाघूळच आहे."

नंतर जे ऐकलं ते आजही कानातून जात नाही. प्लास्टिक ओढून काढल्याचा लांबलचक आवाज... आणि व्हरांड्यातला दिवा विझला.

अंधारात कागदाची बारीक कुरकुर. काड्यांची टकटक. आणि धडधड धडधड पायऱ्या उतरणारी पावलं. पळणारी.

मार्लाने दार उघडलं. खुंटीवर चंदेरी काही नव्हतं.

"कोल्बी, गाडी बघ!" ती ओरडली.

वळणावरून गाडीचा उजेड आला.

ब्रेक लागल्याचा आवाज डोंगरापर्यंत गेला. ट्रक रस्त्यात आडवा होऊन थांबला. आम्ही दोघी धावलो. दार उघडून एक माणूस उतरला आणि गुडघ्यांवर बसून ट्रकखाली पाहू लागला.

ड्वाइट हॅस्केल. तो त्याच रस्त्याने रोज घरी जातो. दुसरा रस्ता नाही.

"पोरगं होतं!" तो ओरडत होता. "आत्ता इथे पोरगं होतं! कुठे गेलं?"

"तुम्हाला दिसला?" मार्लाने विचारलं.

"दिसला म्हणजे काय? लख्ख चमकला! पंख होते त्याला, चंदेरी! मी लगेच दाबला ब्रेक..."

"लागलं त्याला?"

"नाही. नाही हो. पळत पलीकडे गेला. मी पाहिलं ना!"

मग त्याने तिचा चेहरा पाहिला. घर पाहिलं. आपण कुणाच्या दारात, कुणाशी बोलतोय, हे त्याच्या ध्यानात आलं. तो तिथेच रस्त्यावर बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. मला त्याची कीव आली नाही. यावी असं वाटलं, पण नाही आली. मार्ला रस्त्यापलीकडे पाहत उभी होती.

तिथे आता काही नाही. पलीकडच्या घरातली म्हातारी वारली, घर पाडलं. नुसतं रान, आणि त्यामागे ओढा.

आम्ही परत व्हरांड्यात आलो. मी फोनचा उजेड पाडला.

खुंटीखाली काहीतरी काळं पडलं होतं...

कचऱ्याच्या पिशव्या. वाकवलेले हँगर. ते कपडे हॉस्पिटलात कात्रीने कापून काढले होते आणि पोलीस घेऊन गेले होते. मार्लाला ते परत कधीच मिळाले नव्हते.

हे कुठेही कापलेले नव्हते.

मी वाकून हात लावला. बाहेर इतकी थंडी होती की माझी बोटं आखडली होती. पिशव्या मात्र आतून कोमट होत्या. अंगातून आत्ताच काढल्यासारख्या.

त्या मार्लाने उशीखाली ठेवल्या. अजून तिथेच आहेत.

आता तुम्ही म्हणाल, चांगलंच झालं की. मीही तेच म्हटलं होतं. रात्रभर मी तिला समजावत होते, सुटला गं तो, सुटला.

मग गेल्या वर्षी एकतीस तारीख आली. मार्लाने दिवा लावला. मी सोबतीला गेले होते. आम्ही तशाच खुर्च्या टाकून बसलो. शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकत होता.

तो भुंकतच राहिला.

वारा वाहत होता, पानं सळसळत होती. पायऱ्यांवर काही नाही. अंधार पडला. रस्त्याने हॅस्केलचा ट्रक गेला, अगदी पायी चालल्यासारखा हळू. मार्ला दर आवाजाला उठून काचेशी जात होती आणि परत येऊन बसत होती. शेवटी मीच बोलले. न बोलते तर बरं झालं असतं.

"येणार नाही तो आता. सुटला, मार्ला. शांती मिळाली त्याला."

ती इतक्या सावकाश माझ्याकडे वळली की मला तिचीच भीती वाटली.

"मरत होता, पण येत होता," ती म्हणाली. "वर्षातून एकदा का होईना, माझ्या दारात येत होता. आता कुठे आहे? पलीकडे कोण आहे त्याचं?"

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"सहा वर्षांचं पोर आहे ते, टोन्या. शांती घेऊन काय करेल? त्याला आई लागते."

त्यानंतर ती माझ्याशी फारशी बोलत नाही. परवा क्रीक रोडवरून जाताना दिसलं, तिने रस्त्यापलीकडच्या रानात खुर्ची नेऊन ठेवली आहे. कामावरून आली की तिथे जाऊन बसते, पार अंधार पडेपर्यंत. मी गाडी थांबवून हाक मारली. तिने तोंडावर बोट ठेवलं आणि मला गप्प राहायला सांगितलं.

मीही कान देऊन ऐकलं. मला काहीच ऐकू आलं नाही.

ती मात्र मान हलवत होती, कुणाचं तरी बोलणं ऐकल्यासारखी.