काचेपलीकडची सतरंजी

छत्तीसगड नुकतंच वेगळं झालं होतं. रायपूर राजधानी झाल्यापासून समता कॉलनीत जिकडेतिकडे नव्या पाट्या लागत होत्या. त्यातली एक आमच्या बालविकास संशोधन केंद्राची. मी तिथे सहायक होते. त्या दिवशी सकाळी गोल बाजारात जाऊन मी लाकडी ठोकळे, खुळखुळे नि एक कापडी बाहुली आणली, आणि खेळायच्या खोलीत सतरंजीवर मांडून ठेवली. मे महिना होता. भिंतींनाही चटका लागत होता.

प्रयोग साधाच. वर्षभराचं मूल आईजवळ खेळतं, मग आई उठून बाहेर जाते. मूल काय करतं ते आम्ही शेजारच्या अंधाऱ्या खोलीतून काचेतून बघायचं. मुलाच्या बाजूनं ती काच आरसा दिसायची. नियम एकच होता. मूल फार रडलं, किंवा आईनं नको म्हटलं, की तिथेच थांबायचं.

दुपारी कलावती आली. भंडाऱ्याकडची, नवरा सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात. कडेवर छकुली. पोरगी अजून उभी राहत नव्हती, नुसती रांगायची.

"काहून बोलावलं जी?" तिनं विचारलं.

"तपासणी आहे पोरीची," श्रीपाद सर म्हणाले. केंद्र त्यांचंच होतं.

मला ते सहन झालं नाही. त्यांच्यादेखतच मी तिला सांगितलं, "तपासणी नाही, कलावती. तुला बाहेर बसवतील, छकुली रडेल, आणि ते आम्ही बघू. तुला नको वाटलं तर नुसतं सांग. लगेच थांबवू."

ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, "हव. तुम्ही हाय ना ताई."

छकुलीला सतरंजीवर बसवून ती आमच्या खोलीतून व्हरांड्यात गेली, आणि सरांनी त्या व्हरांड्याच्या दाराला आतून कडी घातली. अशी कडी कधी घालत नसत.

छकुली आधी दाराकडे बघत राहिली, मग रडायला लागली. रडता रडता तिचा श्वास अडकायला लागला. बाहेरून दार वाजलं. "खोला जी! बंद करा हे!"

"सर, ती नको म्हणतेय."

"अजून थोडं. आधी हो म्हणालीच आहे ना?"

"हो म्हटलेलं मागे घेता येतं, सर."

"गंधाली, खाली बस."

मी बसले नाही. आणि तेवढ्यात छकुलीचं रडणं तुटलं... तोंडावर हात ठेवावा तसं. आमच्या खोलीत नासक्या दुधाचा वास आला. छकुली उजवीकडे बघत होती. तिथे कोणी नव्हतं. तिनं उजवा हात त्या बाजूला केला आणि ती उभी राहिली.

उभी राहिली आणि चालायला लागली. मोठ्या माणसाचं बोट धरलेलं मूल हात वर करतं. तिचा हात वर नव्हता. खांद्याच्या रेषेत, आडवा होता. तिच्याएवढ्याच कुणीतरी धरल्यासारखा. तिच्या पावलांशेजारी सतरंजी दबत होती... उठत होती... पुन्हा दबत होती. ती दोघं समोरच्या भिंतीकडे निघाली होती.

"विलक्षण..." सर पुटपुटले. मी मधल्या दाराकडे धावले तर त्यांनी माझं मनगट धरलं. "आत गेलीस तर सगळं वाया जाईल!"

"जाऊ दे वाया." मी हात हिसकला.

आत हिवाळ्यासारखा गारठा होता. मी छकुलीला उचललं, पण ती पुरती वर येईना. तिचा उजवा हात कुणीतरी खाली ओढत होतं. फार जोर नव्हता; लहान मुलाचा हट्ट असतो तेवढा. भीतीपेक्षा संताप मोठा होता.

"सोड..." मी म्हणाले. "हिची आई आलीय. हिला मी देणार नाही. तुलाही नाही, त्यांनाही नाही."

ओढ वाढली. मी तिला तशीच एका हातानं धरून दुसऱ्या हातानं शेजारचं स्टूल उचललं आणि आरशाकडे वळले. "सर, कडी काढा! नाहीतर काच फोडते!"

कडी निघाली. कलावती वाऱ्यासारखी आत आली, पोरीला छातीशी धरलं, आणि ओढ एकदम सुटली. छकुलीच्या मनगटावर चार बारीक बोटं उमटली होती.

सर मागून म्हणत होते, "पुढच्या आठवड्यात पुन्हा करून बघायला हवं."

"इथे आता एकही पोर येणार नाही," मी म्हणाले. "सिलतऱ्याच्या घराघरात जाऊन सांगेन."

आणि सांगितलं. पावसाळ्यात केंद्र बंद पडलं. ते मला विज्ञानाची वैरीण म्हणाले. म्हणू देत. मी आजही मुलांचाच अभ्यास करते. आई खोलीतच बसते, आणि तिचं 'नको' हा शेवटचा शब्द असतो.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. व्हरांड्याचं दार सताड उघडं टाकून मी कलावतीला रस्त्यावर रिक्षापर्यंत सोडायला गेले. बसता बसता ती थांबली.

"ताई... त्या दुसऱ्या बाईचं काय झालं?"

"कोणती बाई?"

"माझ्या बाजूले बसून होती ना. मी दार ठोकून राहिली, तर तीबी ठोकत होती. तिचा पोट्टा आतमध्ये हाय म्हणे. लय वेळची बसून हाय." तिनं छकुलीला पदरात घेतलं. "दिला का जी तिले?"

केंद्रात त्या दिवशी दुसरी बाई आलीच नव्हती. मी मागे वळून पाहिलं. दार तसंच सताड उघडं होतं, व्हरांडा रिकामा होता... आणि कुणीतरी ते दार ठोकतच होतं.