ओल्या चिंचेचा गॅस

ज्योतीराम मूळचा औशाकडचा. चाकणला मालोजीशेठच्या फोर्जिंग शेडमागे लाकडापासून गॅस काढणारं यंत्र तो चालवायचा. काम तसं सोपं, पण हयगय न खपणारं. उंच लोखंडी पिंपात लाकडाचे तुकडे भरायचे आणि पंख्यानं हवा मुद्दाम तोकडी द्यायची. मग लाकूड धड जळत नाही, आतल्या आत धुमसतं आणि त्यातून जळाऊ गॅस निघतो. तो गार करून, गाळून नळीनं पुढच्या भट्टीला. अट एकच, लाकूड कोरडं हवं. ओलं गेलं की डांबर सुटतं, गाळण्या तुंबतात, ज्योत पिवळी पडून धूर ओकते.

त्या दिवशी चाचणी होती. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा गॅस अखंड मिळाला तर यंत्र राहणार, नाहीतर शेठ ते भंगारात देऊन पुन्हा डिझेलवर जाणार. म्हणजे ज्योतीरामची नोकरी गेली आणि रहाटणीतली खोलीही. या यंत्रावर त्याचा भारी जीव. म्हणूनच सकाळी हौसेनं त्यानं ते जरा जास्तच जोरात चालवलं आणि दुपारी दोनलाच पॅकिंगच्या वाळल्या फळ्या संपवून बसला. लाकडाची गाडी तळेगाव चौकात अडकलेली.

आवारात उरले होते फक्त चिंचेचे ओले तुकडे. रस्ता रुंद करताना शेजारच्या सारजाबाईंच्या बांधावरचं झाड परवाच पाडलं होतं. सारजाबाई कुंपणापाशीच उभ्या होत्या.

"मावशी, ही चिंच टाकू का? दुसरं काहीच नाही बघा."

"टाक की. पर आदी तिला सांग, कशापायी टाकतुयास ते. न सांगता आमी कुऱ्हाड बी लावत न्हाई."

ज्योतीराम आयटीआय झालेला माणूस. त्याला लाजच वाटली. तरी इकडंतिकडं बघत तो पुटपुटला, "सहापर्यंत सांभाळ, बाई." मीटर ओलावा बेचाळीस टक्के दाखवत होता. त्यानं मन घट्ट करून तुकडे पिंपात लोटले.

पाच मिनिटं तो धुराची वाट पाहत राहिला. धूर आलाच नाही. ज्योत निळी झाली, सकाळपेक्षाही निळी.

चारला त्यानं वरून सळई घालून पाहिली. लाकूड पिंपाच्या गळ्यापर्यंत तसंच होतं, तसूभरही घटलेलं नव्हतं.

पाचला पाहिली. तसंच.

सहा वाजता शेठनं पाठीवर थाप मारली. "काय जादू केलीस रे? उद्यापासून दोन शिफ्ट चालवू."

ज्योतीरामचे डोळे भरून आले. त्यानं बायकोला फोन लावला. "विजयश्री, राहिलो बघ आपण इथंच."

मग त्यानं पंखा बंद केला. ज्योत विझली. पिंप गप्प झालं.

आता फक्त हवेच्या भोकावर झाकण लावायचं, म्हणजे आतला विस्तव विझतो. त्यानं सवयीनं तळहात भोकाजवळ नेला. हवा आत गेली. थांबली. मग बाहेर आली, कोमट, ओलसर.

पुन्हा आत.

"तापलेल्या लोखंडाचं होतं असं," तो मोठ्यानं म्हणाला आणि त्यानं झाकण लावलं.

ते बसेना. आतून कुणीतरी ते हलकेच परत सारत होतं, झोपेतलं मूल पांघरूण सारतं तसं.