नळी न ठेवलेली विहीर

गोंदियाजवळच्या कुडव्यातला पेट्रोल पंप बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण त्याच्या जमिनीखालच्या टाकीनं झिरपणं काही सोडलं नव्हतं. शेजारच्या खुशाल रामटेकेच्या विहिरीला आधी वास आला, मग पाण्यावर रंगीत तवंग धरला. विहीर तशीच पडून राहिली. २००९ च्या उन्हाळ्यात, आत राहिलेली मोटर काढायला खुशालचा मुलगा अश्विन खाली उतरला, आणि पेट्रोलच्या वाफेनं गुदमरून तिथंच गेला.

त्या दिवसापासून त्याची आई पार्वताबाई विहिरीच्या कठड्याला चिकटली. ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका. खोकून खोकून बेजार झाली, जेवण तुटलं. मुलगा तर गेलाच, आता बायकोही हातची जाणार, या भीतीनं खुशालची झोप उडाली. त्यानं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आणि विहीर बुजवायचा हुकूम आणलाच.

आलेल्या इंजिनियरनं रीत समजावली. घाण पाणी टँकरनं उपसून न्यायचं. नुसता मुरूम ओतून भागणार नाही. सिमेंट आणि फुगणाऱ्या चिकणमातीचा गारा लांब पाइपानं तळापासून भरत आणायचा, मग पाइप काढून घ्यायचा आणि वर काँक्रीटचं झाकण. कुठंही पोकळी राहता कामा नये, नाहीतर वाफ वर येणार आणि पेट्रोल आळीतल्या इतर विहिरींत उतरणार.

शेजारचे शालीकराम मात्र अडून बसले. "विहीर बुजवाची तं एक नळी उभी ठेवा लागते, खुशालभाऊ. तिले दम घ्याले जागा पाह्यजे. आमच्या बापानंही ठेवली होती."

"आमच्या घरात असलं थोतांड नाई चालत, भाऊ. कायले लोकाइले भेव घालता?"

तेवढ्यात पार्वताबाई कठड्यावरून उठून आली. कित्येक दिवसांत ती आपणहून बोलली नव्हती.

"ठेवा ना जी एक नळी. लहानशीच. पोराचा दम कोंडून राहिला."

"अश्विन तिथं नाई, पार्वता. आपणच त्याले पोचवून आलो."

"ठेवा ना जी."

हे सगळं तिच्या जिवासाठीच तर चाललं होतं. खुशालनं नकारार्थी मान हलवली आणि गाऱ्याचं मशीन सुरू करायला सांगितलं.

गारा वर चढत आला तसे त्यातून बुडबुडे फुटू लागले. अडकलेली हवा असेल, असं मिस्त्री म्हणाला. पण बुडबुडे भराभर येत नव्हते. एक यायचा, बराच वेळ सगळं शांत, मग तसाच दुसरा. झोपलेल्या माणसाच्या श्वासाची लय होती ती. मजूर हातातलं काम सोडून बघत राहिले. झाकण पडलं तेव्हा मात्र सगळं थांबलं. पार्वताबाई घरात गेली.

त्यानंतर सगळं सुधारलंच म्हणायचं. पावसाळा सरेपर्यंत आळीतल्या पाण्याचा वास गेला. पार्वताबाईचा खोकला थांबला, ती दोन घास खाऊ लागली. बाई वाचली, असं खुशालला वाटलं.

मग पेट्रोलचा वास घरात आला. आधी तिच्या उशीला, मग तिच्या पदराला, मग ती बसायची त्या कोपऱ्याला. खुशालनं अंथरुणं धुतली, पडवीतली स्कूटर शालीकरामांच्या अंगणात नेऊन लावली. वास तसाच राहिला. गोंदियाच्या डॉक्टरनं तिच्या छातीचा फोटो पाहिला. "फेफड़े एकदम साफ हैं, काका. चिंता मत करो," असं म्हणत त्यानं उठून खिडकी उघडली.

एका दुपारी ती झोपली होती. खुशाल जवळ बसला.

तिची छाती हलत नव्हती.

घाबरून त्यानं तिच्या तोंडापुढं तळहात धरला. हवा लागली. थंडगार, ओलसर, पेट्रोलचा भपका असलेली. तो वाट बघत राहिला. हवा आत जात नव्हती. नुसती बाहेर येत होती.

"पार्वता! ए पार्वता!"

तिनं डोळे उघडले. कित्येक महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"काऊन उठवता जी?" ती हळूच म्हणाली. "आत्ता कुठं त्याचा डोळा लागला."

संध्याकाळ झाली. बुद्धवंदनेसाठी खुशालनं मेणबत्ती मांडली, काडेपेटी उघडली, काडी हातात घेतली. पार्वताबाई हात जोडून शेजारी बसली होती.

तो उठला. काडेपेटी पाण्याच्या बादलीत बुडवली आणि अंधारातच तिच्याजवळ येऊन बसला.