तीन कोपऱ्यांचे रूळ

आमच्या शेवंतीच्या धाकट्या भावाचं बारसं झालं, ते २०५४ साल. दुसऱ्याच दिवशी अमावास्येचं उधाण येणार होतं. शेवंतीच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, स्वतःच्या हातांनी बांधलेली होडी पाण्याच्या कडेला होती. तिच्या फटी नुकत्याच बुजवल्या होत्या, मसाला अजून ओला होता. भरतीआधी होडी वर ओढायची होती, आणि तीही हादरा न बसता. हादरा बसला की फटी उघडणार आणि होडी गेलीच.

होडीखाली घालून लोळवायचे जुने लाकडी रूळ किड्यांनी खाल्ले होते. आमच्या किनाऱ्यावर रूळ सांगतात तो नुसत्या जाडीने. तो गोल हवा, हे वेगळं कोण सांगतो? शेवंतीनेही आमच्या भोपळ्याला (भोपळ्यासारख्या पोटाच्या यंत्रमानवाला) तसंच सांगितलं, "सगळीकडून वीतभर जाड कर. काथ्याचा लगदा थोडाच आहे, कमीत कमी वापर."

भोपळ्याने लगद्याचे रूळ छापून आणले. बघते तर प्रत्येकाला तीन कोपरे, मधल्या बाजू फुगीर!

"समोशांवरून होडी चढवू काय रे?" आजोबा ओरडले. शेवंतीचं तोंड एवढंसं झालं. पाणी चढत होतं आणि लगदा संपला होता.

"जाडी मोजा ना," भोपळ्या म्हणाला.

शेवंतीने रूळ दोन फळ्यांमध्ये धरून फिरवला. फळ्या जवळही आल्या नाहीत, लांबही गेल्या नाहीत.

"अगं बाई! गोल नाही, तरी सारखाच जाड?"

"हा स्थिर रुंदीचा आकार (कुठूनही मोजा, जाडी तेवढीच). वाळूत काढून बघ."

त्याने तिला सारख्या अंतरावर तीन शिंपले ठेवायला लावले. तेवढ्याच लांबीची दोरी एका शिंपल्यावर धरून उरलेल्या दोहोंमध्ये कमान काढायची. असं तिन्ही शिंपल्यांवरून.

"एका फळीला कोपरा टेकला, की समोरच्या फळीला त्याच कोपऱ्यावरून काढलेली कमान टेकते. मग फळ्यांमधलं अंतर किती?"

"दोरीएवढं! नेहमीच दोरीएवढं!"

"आणि एवढ्या जाडीच्या अशा सगळ्या आकारांत याला लगदा सर्वांत कमी लागतो. तूच सांगितलं होतंस."

"बोलायला काय जातं? होडी माझी आहे," आजोबा पुटपुटले.

शेवंतीने काठोकाठ भरलेली कळशी आणली. रुळांवर फळी टाकली, फळीवर कळशी ठेवली आणि ढकललं. खाली रूळ वेडेवाकडे लोळत होते, वर फळी सरळ चालली होती. थेंबही सांडला नाही.

"मग हातगाडीला अशीच चाकं लावू या की," आजोबा म्हणाले.

"नको हो!" भोपळ्या म्हणाला. "चाक आसावर (मधल्या दांड्यावर) फिरतं. मधून कोपरा लांब आणि बाजू जवळ. गाडी उड्या मारील. रुळाला आसच नाही, म्हणून जमतं."

आजोबांनी डोक्याला फडकं बांधलं. "लावा रे दोर!"

वाळूवर फळ्या अंथरल्या. सगळा पाडा जोर लावून ओढू लागला. मागचा रूळ सुटला की शेवंती तो पळत नेऊन पुढे घाली. मी फटींवर डोळा ठेवून चालले होते. एकही उघडली नाही. लाट मागच्या फळीला लागली तेव्हा होडी कोरड्या वाळूवर होती.

आजोबा होडीभोवती फिरून आले आणि भोपळ्यापुढे उकिडवे बसले.

"पाच कोपऱ्यांचा होतो काय रे?"

"पाच, सात, नऊ. विषम (दोनाने भाग न जाणारे) कोपरे असले की झालं."

शेवंती आज चंद्रावरच्या वस्तीसाठी पाच कोपऱ्यांचे रूळ घडवते. ती होडी पुढे पाच मोसम मासे आणत होती. आजोबा २०५९ सालच्या माघात वारले.